लाल ठिपक्याच्या घागरी

जत तालुक्यातल्या त्या उपकेंद्रात माझी बदली झाली तेव्हा मी साताऱ्याहून तीन बॅगा, एक मिक्सर आणि भरपूर राग घेऊन आले. राग नक्की कुणावर होता ते सांगता येणार नाही. थोडा बदलीवर होता, थोडा उन्हावर होता आणि बराचसा माझ्या आईवर होता, कारण एसटीत बसवून देताना तिनं "पाणी उकळून पीत जा" असं दहा वेळा बजावलं होतं. इथं आल्यावर कळलं की उकळायला आधी पाणी लागतं, आणि ते टँकरनं येतं.

मी नर्स. गर्भवती बायकांची तपासणी, लसी, गोळ्या, नोंदी आणि आरडाओरडा ही माझी कामं. शेवटचं काम सरकारी यादीत नाही, पण मी ते मन लावून करते. मदतीला गावातलीच आशाताई होती. कुणाच्या सुनेला कोरड्या उलट्या सुरू झाल्या हे त्या सुनेच्या नवऱ्याच्या आधी तिला कळायचं. तिला राग आला की ती कानडीत बोलायची, त्यामुळे ती मला नक्की काय काय म्हणाली हे मला आजही ठाऊक नाही. ते बरंच आहे.

तपासणीच्या पहिल्याच दिवशी पडवीत एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. त्याच्या मागं बायको, बायकोच्या मागं डोक्यावरून पदर घेतलेली सून, आणि सुनेच्या मागं एक मेंढी.

"कुणाला दाखवायचंय मामा?" मी विचारलं.

"दोगींस्नी," मामा म्हणाले. "पर आदी मेंढीला बगा. तिचं अवगड हाय."

मी त्यांना हे माणसांचं उपकेंद्र असल्याचं सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. मामांवर काडीचा परिणाम झाला नाही. "प्वाट त्ये प्वाटच की बाई," असं म्हणून त्यांनी मेंढी माझ्या खिडकीसमोरच्या लिंबाला बांधली. मग तासभर मी आत काहीही विचारलं की बाहेरून मेंढी उत्तर द्यायची.

सून बाविशीची असेल, नवरा कामासाठी परमुलखात. अंगावर मांस म्हणून नाही. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात अंगावर सूज आली, रक्तदाब वाढला, झटके आले आणि बाळ गेलं. ती कशीबशी वाचली होती. आता पाचवा महिना होता आणि रक्तदाब आत्ताच वर सरकलेला दिसत होता. मी पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा मोजला, तरी आकडा खाली येईना. मला भीती वाटली. आणि भीती वाटली तर मी जास्तच ओरडते.

"डोकं दुखतं का गं?" मी विचारलं.

"न्हाई," सासू म्हणाली.

"डोळ्यांपुढं अंधारी येते?"

"न्हाई न्हाई," सासू.

"पायाला सूज दिसतेय ही."

"ती उनाची हाय," सासू म्हणाली, आणि बाहेर मेंढी ओरडली.

सून खिडकीतून मेंढीकडं बघत होती. बाहेर अजून पंधरा-वीस बायका ताटकळत होत्या. मी सासूनं सांगितलेली उत्तरं कार्डावर लिहून घेतली आणि कार्डाच्या कोपऱ्यात लाल चिकटपट्टी लावली. लाल म्हणजे जोखमीची आई. तिला सारखं तपासायचं, महिन्यातून एकदा जतला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, जड उचलू द्यायचं नाही, विश्रांती द्यायची. मी मामांना आत बोलावून स्पष्टच सांगितलं की या खेपेला नीट जपलं नाही तर बाळही जाईल आणि सूनही जाईल.

मामांनी कार्ड हातात घेऊन त्या लाल पट्टीवरून अंगठा फिरवला. "म्हंजी आमच्यावानीच की," ते म्हणाले. मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. जी मेंढी अशक्त आहे, जिचं मागचं कोकरू मेलंय, जिला विताना त्रास होतो, तिच्या पाठीवर ते गेरूचा लाल ठिपका लावतात. ठिपकेवालीला लांब चरायला न्यायचं नाही, वाडग्याजवळच, मेंढ्या कोंडतात त्या कुंपणाशीच ठेवायचं, तिला पाला जादा टाकायचा. कुणीही कळप राखायला आला तरी त्याला सांगावं लागत नाही. नव्वद मेंढ्यांपैकी कुठली कधी विणार, कुणाला मागच्या खेपेला काय झालं, हे सगळं त्यांनी मला तिथंच उभ्या उभ्या म्हणून दाखवलं.

"आणि सुनेचे दिवस कधी भरतात?" मी विचारलं.

मामांनी बायकोकडं बघितलं. "आसंल की दिवाळीच्या म्होरं-मागं," ते म्हणाले. "मेंढी आसती तर बरूबर सांगितलं आसतं."

मी त्या दोघांना असं झापलं की लिंबाखालच्या बायका उठून उभ्या राहिल्या. पण संध्याकाळी भाकरी थापताना तोच ठिपका डोक्यात घोळत होता. गावात मामांची सून धरून लाल पट्टीच्या पाचजणी होत्या, बाकीच्या चौघी आधीच्या नर्सच्या वेळच्या. रोजंदारीवर जाणाऱ्या घरांतल्या, अंगात रक्त नसलेल्या, कुणाचं आधी सिझर झालेलं. आशाताईनं सांगितलं होतं, अशी कार्डं सासवा ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली, अगदी जपून ठेवतात. ट्रंकेतली लाल पट्टी ट्रंकेलाच दिसत होती. बाई मात्र टँकर आला की डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन चालतच होती. मामांचा ठिपका उघड्या माळावर चार पायांनी फिरायचा, सगळ्या जगाला दिसायचा.

दुसऱ्या दिवशी मी हे आशाताईला सांगितलं. मामाही तिथंच होते, कारण मेंढीचं काही विचारायचं होतं. "मग लावू की सुनंच्या पदराला गेरू," मामा उत्साहानं म्हणाले. आशाताई म्हणाली, "सिस्टर, बायांना रंग लावायचा असंल तर आदी माझा राजीनामा लिवून घ्या." पुढचं ती कानडीत बोलली.

शेवटी बायकांना न रंगवता घागरी रंगवायचं ठरलं. उपकेंद्राच्या दाराला दिलेला लाल ऑइलपेंट डब्यात उरला होता. पाच घरांच्या घागरींवर मी स्वतः वाटीएवढा ठिपका काढला आणि टँकरपाशी उभं राहून नियम जाहीर केला. लाल ठिपक्याची घागर आधी भरायची आणि ती घरी दुसऱ्या कुणीतरी न्यायची. पोटुशी बाई घागर उचलणार नाही. टँकरच्या ड्रायव्हरनं लगेच मान डोलावली. त्यानं आदल्या दिवशी मला मामांवर ओरडताना ऐकलं होतं.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. घागरी आधी भरत होत्या, जावा-नणंदा त्या मुकाट्यानं उचलत होत्या, पाचजणी घरात बसल्या होत्या. मी आईला फोन करून सांगितलं, आई म्हणाली, "उकळून पितेस ना?" तालुक्याच्या मासिक सभेत मला उभं करून ही कल्पना सांगायला लावतील अशी माझी खात्री झाली होती. आरशासमोर मी एकदा तालीमही केली. सुरुवातीला थोडं लाजायचं आणि मग बोलायचं, असं ठरवलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात सहज बघायला म्हणून टँकरपाशी गेले. रांगेत एकूण एक घागर लाल ठिपक्याची होती.

मी डोळे चोळले. हंडे, घागरी, बादल्या, बॅरल, सगळ्यांना ठिपके. काहींना ऑइलपेंट, काहींना नेलपॉलिश, एकीनं कुंकू तेलात कालवून लावलेलं होतं आणि ते ओघळून खाली आलं होतं. रांगेत सगळ्यात पुढं सत्तरी ओलांडलेली एक आजी होती.

"आजी, कितवा महिना?" मी विचारलं.

"मला काय ठावं? तूच तपासून सांग की," आजी म्हणाली आणि घागर नळीखाली सरकवली.

तिच्या मागं फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार निळं बॅरल घेऊन उभे होते. बॅरलला चांगला ताटलीएवढा ठिपका. "जोखीम कुणाला नाही सिस्टर?" ते म्हणाले. "मी सरहद्दीवर होतो." त्यांच्या मागं, घरात बाईमाणूसच नसलेले दोघे भाऊ. एका बाईच्या हंड्यावर दोन ठिपके होते. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "जुळं हाय."

"तपासणीला कधी आलीस?"

"जुळं शेळीला हाय," ती म्हणाली. "पर पानी तिलाबी लागतंय न्हवं?"

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला ती दिसली. मामांची सून. रांगेच्या पार टोकाला. तिच्या घागरीवर मी काढलेला खरा ठिपका होता, पण सगळ्याच लाल झाल्यावर तो कोण बघणार? तिची पाळी आली, तिनं घागर भरली आणि वाकून स्वतःच डोक्यावर घेतली. पायांची सूज गुडघ्यापर्यंत चढली होती.

आता खरं म्हणजे मी गावाला फैलावर घ्यायला हवं होतं. सुभेदारांना, आजीला, त्या शेळीवालीला. पण मी धावत गेले आणि ओरडले ते तिच्यावरच. "तुला सांगितलं होतं ना उचलायचं नाही म्हणून? कळत नाही का?" ती चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. उत्तर अर्थातच सासूनं दिलं. त्या दिवसाची मला अजूनही लाज वाटते.

मामांना हे कळलं तेव्हा ते टँकरपाशी येऊन सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यापरीस मेंढरं बरी. एका मेंढीनं दुसरीचा ठिपका कवा चोरल्याला बगितला न्हाई मी." आणि दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः तट्टावर घागरी लादून पाणी आणू लागले. घरात दोन बायका असताना बाप्या माणूस पाण्याच्या रांगेत, म्हणून लोक हसले. मामा रांगेत उभं राहून तंबाखू मळत राहिले. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं, पण मी ते त्यांना सांगितलं नाही, कारण त्याच आठवड्यात गोळ्यांचं प्रकरण उघडकीला आलं.

सुनेच्या रक्तवाढीच्या गोळ्यांची पाकिटं वेळेवर रिकामी होऊन परत येत होती. मी खूश होते. रक्त मात्र वाढेना. मी विचारलं, सासूनं सांगितलं की सून गोळ्या रोज घेते. दुसऱ्यांदा विचारलं, मामा म्हणाले की दोघी रोज घेतात.

"दोघी कोण?"

"ह्यी आन् ठिपकेवाली मेंढी. निम्म्या निम्म्या. तिलाबी रगत कमीच हुतं." मग ते खाली वाकले आणि घोंगड्यातून दोन कोकरं काढून माझ्या टेबलावर ठेवली. "दोन झाली. गुन आला बगा तुमच्या गोळ्यांचा."

कोकरं खरोखर गुटगुटीत होती. एकानं माझं रजिस्टर खायला सुरुवात केली. त्या दिवशी मी किती वेळ ओरडले ते आशाताईनं पुढं कित्येक दिवस गावात सांगितलं. तेव्हापासून सुनेनं रोज आशाताईसमोर गोळी गिळायची असं ठरलं.

आणि मामांना मी काम दिलं. मेंढीवर ठेवता तशी सुनेवर नजर ठेवायची आणि रोज फोन करायचा. तोंडावर सूज, डोकेदुखी, अंधारी, पोटात दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, ही यादी मी त्यांच्याकडून पाठ करून घेतली. ते रोज सकाळी न चुकता फोन करायचे. "सिस्टर, आज सकाळच्याला बरी चरली. दुपारी सावलीला बसली. पानी भरपूर प्याली."

"मामा, माणसांच्या भाषेत सांगा हो!"

"दीड भाकरी खाल्ली," मामा समजूत घातल्यासारखं म्हणायचे.

असे आम्ही सगळे मिळून तिला जपत होतो. मामा नजर ठेवत होते, सासू उपास धरत होती, आशाताई गोळ्या गिळवत होती आणि मी दर आठवड्याला रक्तदाब मोजून सासूला प्रश्न विचारत होते. जतच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. आकडा वर जायचा, खाली यायचा. सातवा महिना गेला. आठवा लागला तेव्हा मी तिचं कार्ड उशाशी घेऊन झोपायला लागले, म्हणजे त्यानं काय होणार होतं कुणास ठाऊक.

एका सकाळी फोन आला. मामांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "सिस्टर, सून भिताडाकडं तोंड करून बसलीया. कुणासंगं बोलंना. तोंड सुजलंय. मेंढी आशी एकटी जाऊन बसली की मी तिला जागची हालवत न्हाई."

मी ओरडले नाही. आशाताईला स्कूटीवर मागं घेतलं आणि मामांच्या वस्तीवर गेले. रक्तदाबाचा आकडा आजवरचा सगळ्यात वरचा होता. इंजेक्शन दिलं, अँब्युलन्सला फोन केला. ती आली, पण डांबरी रस्त्यावरच थांबली, कारण वस्तीपर्यंत नुसती पायवाट होती. वस्तीवरच्या चौघांनी सुनेची बाज उचलली. मामा पुढं पळाले आणि त्या गडबडीत वाडग्याचं फाटक उघडंच राहिलं. मालक पळतोय म्हटल्यावर नव्वद मेंढ्या मागं निघाल्या. बाज, चौघे जण, मी सलाइनची बाटली उंच धरलेली, आशाताई कानडीत बोलतेय, आणि भोवती सगळी मेंढरं. रस्त्यावर पोचलो तर त्यांनी अँब्युलन्सला गराडा घातला. ड्रायव्हरनं सायरन वाजवला. काही मेंढ्या गाडीखाली शिरल्या.

मला त्या क्षणी रडू यायला लागलं. खरंच. एवढं सगळं करून ही पोरगी मेंढ्यांच्या गर्दीत अडकून मरणार, असं वाटलं. मामांनी जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. मेंढ्या गाडीखालून निघाल्या, दोन्ही बाजूंना झाल्या आणि मधून वाट मोकळी झाली. मामांनी नंतर मला शंभरदा शिकवलं, मला तो आवाज अजून जमत नाही.

गाडीत आम्ही चौघं चढलो. ड्रायव्हर म्हणाला एकालाच परवानगी आहे. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं गाडी सुरू केली. जतहून आम्हाला थेट सांगलीला पाठवलं. कवठे महांकाळ मागं पडेपर्यंत सासूनं वाटेतल्या प्रत्येक देवळाला नवस बोलला. मामा खड्डा आला की ओरडायचे, "हळू रं, गाभण जनावर हाय गाडीत!" मी सुनेचा हात धरून बसले होते. तिचे डोळे मिटलेले होते. मी मनातल्या मनात कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही.

दुपार कलायच्या आत सिझर झालं. मुलगी. एवढीशी, जेमतेम ओंजळीत मावेल अशी, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सून दोन दिवस यंत्रांच्या खोलीत होती, आणि तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. डॉक्टर म्हणाले, दोघी धोक्याबाहेर आहेत. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून हमसाहमशी रडले. आशाताईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मराठीत म्हणाली, "गप आता."

मग आम्ही चौघं सुनेच्या खाटेभोवती उभे राहिलो. जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे लगेच भांडण सुरू झालं. मामा म्हणाले, त्यांची नजर होती म्हणून ती वाचली. सासू म्हणाली, नवस होता म्हणून. आशाताई म्हणाली, गोळ्या कुणी गिळवल्या? मी म्हणाले, घागरीची कल्पना कुणाची होती? मामा म्हणाले, ठिपका मुळात कुणाचा? आवाज चढत गेले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून ऐकायला लागली.

"माजं डोस्कं घरी तीन दिस दुकत हुतं."

आम्ही इकडंतिकडं बघितलं. आवाज कुणाचा हे मला पटकन कळलंच नाही. चार महिने मी तिचा रक्तदाब मोजत होते आणि तिचा आवाज मला ओळखता आला नाही.

"मग सांगितलं का नाहीस गं?" मी म्हणाले. माझा आवाज तेव्हाही चढलेलाच होता.

"तुमी सासूबाईंस्नी इचारत हुता," ती म्हणाली. अजिबात रागानं नाही. छताकडं बघत, एकेक शब्द सावकाश. "मेंढीला बोलता येत न्हाई, म्हून मामंजी ठिपका लावत्यात. मला बोलता येतंय की."

सासूनं पदर तोंडाला लावला. मामांनी घोंगडं एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. मी तिच्या खाटेच्या काठावर बसले.

"बरं, आता विचारते," मी म्हणाले. "तुला काय पाहिजे?"

सासू सवयीनं काहीतरी सांगायला पुढं झाली, आशाताईनं तिचा दंड धरला. आम्ही थांबलो.

"निजायचंय," ती म्हणाली. "ह्या समद्यांस्नी भाईर काढा."

मी उठले आणि सगळ्यांना दाराकडं हाकलायला लागले.

"सिस्टर," ती म्हणाली. "तुमीबी."

मी माझी पर्स उचलली आणि बाहेर गेले.